सात नंबरचे डोळे

"सात नंबर कुणाचा होता? त्याने उभं राहा."

खोली तापवणाऱ्या लाकडाच्या शेगडीभोवती, बुखारीभोवती, खुर्च्या ओढून दहा पायलट चहा पीत बसले होते. एकानेही कप खाली ठेवला नाही. खिंडीवर ढग बसले होते, सकाळची उड्डाणं थांबली होती, आणि उडायचं नसलं की ही मंडळी मागच्या बाकावरची पोरं होतात.

"काय ओ ताई, लॉटरी लागली व्हय सात नंबरला?" जगदाळे म्हणाला.

मराठीत बोलला म्हणून बाकीच्यांना कळलं नाही. मग त्याने तेच हिंदीत सांगितलं आणि सगळे खदाखदा हसले. फ्लाइट लेफ्टनंट सुजित जगदाळे विट्याचा, मी मिरजेची. त्या उजाड बर्फाळ तळावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे तो मला पहिल्या दिवसापासून मॅडम न म्हणता ताई म्हणायचा आणि माझ्याकडच्या शेंगदाण्याच्या चटणीचा फडशा पाडायचा. मलाही तो आवडायचा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं की बाईचा त्याच्यावर पहिल्यापासूनच दात होता. मुळीच नव्हता.

"हसू नका," मी म्हटलं. "फोटो आलेत. सात नंबरच्या डोळ्यांत गडबड आहे. साधीसुधी नाही. तुमच्यापैकी ज्याचा सात नंबर होता, तो आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चालू लागेल."

कुणी हललं नाही.

आता हे नंबराचं प्रकरण काय ते सांगते. मी हवाई दलात डोळ्यांची डॉक्टर होते, स्क्वाड्रन लीडर हेमलता शिराळकर. आमच्या संशोधन संस्थेने मला त्या तळावर एका अभ्यासासाठी पाठवलं होतं. हेलिकॉप्टरचे पायलट रोज डोंगरमाथ्यावरच्या चौक्यांना रसद पोचवतात, विरळ हवेत जातात, बर्फाच्या झळाळीत उतरतात. त्याने डोळ्यांच्या पडद्यावर काय परिणाम होतो, ते बघायचं होतं. पण पायलट डॉक्टरला किती भितात ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. गोळ्या चालतील, वादळ चालेल, डॉक्टर नको. डॉक्टरकडे गेलेला पायलट एक तर होता तसाच परत येतो नाहीतर जमिनीवर येतो, वर कधीच जात नाही. तेव्हा या पठ्ठ्यांनी अट घातली की फोटो काढून देऊ, पण नावं देणार नाही. त्यांच्या कमांडिंग ऑफिसरच्या, विंग कमांडर बक्षींच्या लोकरी टोपीत, त्यांच्यासकट अकरा जणांसाठी, आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. ज्याने त्याने आपली चिठ्ठी उचलली, आकडा मनात ठेवला आणि चिठ्ठी बुखारीत टाकली. फोटो काढणारा तंत्रज्ञ खालून आला होता. अंधाऱ्या खोलीत एकेकाने जायचं, आकडा सांगायचा, यंत्रावर हनुवटी ठेवायची, फोटो झाला की बाहेर. मी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, अशीही अट होती. मी कबूल केली. केली नसती तर अभ्यासच झाला नसता.

फिल्म धुवायला खाली गेली आणि काही दिवसांनी, त्या दिवशी पहाटेच्या विमानाने परत आली. मी एकेक स्लाइड उजेडासमोर धरत गेले. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नस जिथून बाहेर पडते तिथे एक गोल चकती दिसते. निरोगी माणसात तिची कड कशी अगदी रेखीव असते. दहा जणांची होती तशी. सात नंबरची कडच नव्हती. दोन्ही डोळ्यांत चकती टम्म फुगलेली आणि भोवती रक्ताचे फराटे. अशी चकती फुगते ती डोळ्याच्या दुखण्याने नाही. कवटीच्या आत दाब वाढला की फुगते. गाठ असेल, नाहीतर मेंदूच्या शिरेत रक्त गोठलं असेल. उंचीवर रक्त दाट होतं, त्यामुळे मला दुसरीच शंका जास्त होती. आणि तो फोटो जुना होता.

"ऐका," मी पायलटांना म्हटलं, "सकाळी उठल्यावर डोकं ठणकतं का कुणाचं? बूट बांधायला वाकलं की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते का? ज्याला येते त्याला ठाऊक आहे मी कुणाशी बोलतेय ते. आज ना उद्या त्याला झटका येईल. जमिनीवर आला तर तो एकटा जाईल. हवेत आला तर शेजारच्यालाही घेऊन जाईल. लवकर औषध मिळालं तर जीव वाचेल, नजरही वाचेल. लवकर म्हणजे आज."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. हसू गेलं होतं, पण त्याच्या जागी जे आलं ते मला ओळखीचं होतं. अळीमिळी गुपचिळी. ओठ घट्ट मिटून, नजर कपात घालून बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, मी काय तुमचा पगार कापायला आलेय का?"

"डॉक्टर," दारातून आवाज आला. बक्षी उभे होते. उंच माणूस, बोलणं मोजकं. ते मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीत झालं, मी आपली मराठीत सांगते.

"तुम्ही त्यांना शब्द दिला होता."

"दिला होता. तेव्हा मला असं काही दिसलं नव्हतं."

"शब्द काय दिसेल त्यावर बदलतो का?"

"सर, त्यांच्यातला एक जण मरणार आहे."

"कदाचित." ते खिंडीकडे बघत म्हणाले. "आणि तुम्ही आज नाव काढलंत तर या देशातला एकही पायलट पुन्हा तुमच्या यंत्रावर हनुवटी ठेवणार नाही. मग पुढच्या दहा जणांचं तुम्हाला कळणारच नाही. तुमच्या साहेबांना विचारा."

विचारलं. फोन लागायला अर्धा जन्म गेला. आमचे संस्थाप्रमुख ग्रुप कॅप्टन होते, हाडाचे संशोधक, बोलणं कसं लोण्यासारखं. ते म्हणाले, "हेमलता, शांत हो. नियमाने आपल्याला ओळख काढता येत नाही. एक सर्वसाधारण सूचना लाव, की डोकेदुखी असल्यास तपासून घ्यावे. आणि हे बघ, सात नंबर आकडेवारीतून बाजूला ठेवू. त्या एकामुळे सगळी सरासरी बिघडते."

"सर, तो माणूस आहे."

"तेच म्हणतोय मी. एकच माणूस आहे."

मी फोन आपटला. पुढे त्याबद्दलही मला लेखी विचारणा झाली, होऊ दे.

व्हरांड्यात परत आले तर बक्षींच्या हातात बिनतारीचा निरोप होता. खिंडीपलीकडच्या सगळ्यात उंच हेलिपॅडवर एक जण पडला होता. रात्रीपासून उलट्या, डोकं धरून ओरडत होता, आता शुद्ध येते-जाते आहे. वरच्यांचं म्हणणं, उंची बाधली असावी. आवाज तुटक येत होता, नाव कळलं नव्हतं.

"ढग फाटताहेत," बक्षी म्हणाले. "थोड्या वेळात खिंड उघडेल. दोघांना फिट म्हणून सही द्या, पाठवतो."

तळावरचा नेहमीचा डॉक्टर रजेवर होता, त्याचंही काम माझ्याच गळ्यात होतं. सकाळी डॉक्टरने सही केल्याशिवाय पायलट हेलिकॉप्टरच्या पायरीला हात लावत नाही. मी सहीचा कागद हातात घेतला आणि घडी घालून खिशात टाकला.

"एकालाही नाही."

"काय?"

"माझ्या हिशेबाने तुमच्यासकट या अकरांपैकी एक जण कुठल्याही क्षणी बेशुद्ध पडणार आहे. कोण ते मला ठाऊक नाही. म्हणजे अकराही अनफिट. ज्याला उडायचंय त्याने माझ्यासमोर बसावं. बॅटरीने डोळ्यात बघायला मला दोन मिनिटं लागतात. चकती चांगली असेल तर सही, नसेल तर नाही."

"डॉक्टर, वर माणूस मरतोय!"

"म्हणून तर दोनच मिनिटं म्हणतेय. तुमची पोरं घालवताहेत तो वेळ माझा नाही."

बक्षी लालबुंद झाले. मला वाटलं आता हा माणूस मला अटकच करणार. पण ते वळले, क्रू-रूममध्ये गेले, टोपी काढली आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत धपकन बसले. "माझ्यापासून सुरू करा," म्हणाले. "आणि हे झाल्यावर मी तुमच्याविरुद्ध लिहिणार आहे."

"खुशाल लिहा. छताकडे बघा."

त्यांचे डोळे स्वच्छ होते. मोठे साहेबच बसल्यावर बाकीच्यांची पंचाईत झाली. एकेक जण उठला, पण कसा? नवरदेवाला मांडवात ओढत न्यावं तसा. एक म्हणाला, आधी चहा संपवतो. एकाला बाथरूमला जायचं होतं. एकाने मला नियम वाचून दाखवायला घेतले. मी एकेकाची हनुवटी धरून तोंड वर करत होते आणि शिव्या देत होते, मिरजेच्या खास शिव्या. त्या फक्त जगदाळेला कळत होत्या. एरवी तो त्यावर पोट धरून हसला असता. आज नाही हसला. तो मागे मागे सरकत होता. "तू जा आधी, मी आहे," असं करत एकेकाला पुढे ढकलत होता. माझ्या ते ध्यानात आलं. देवा, हा नको, असं मी मनात म्हटलं. याच्या आईने दिवाळीला मला चकल्या पाठवल्या होत्या.

बाहेर खिंड उघडली. हेलिकॉप्टरची पाती फिरवून बघत होते, त्याचा आवाज येऊ लागला. शेवटी खुर्चीसमोर तो एकटाच उरला.

"ताई," तो खालच्या आवाजात मराठीत म्हणाला, "माझं राहू द्या की. मी वर जाऊन त्या गड्याला घेऊन येतो, मग काय बघायचं ते बघा. तुमच्या पाया पडतो."

"बस खाली."

"ताई..."

"सुज्या, बस खाली म्हणते ना!"

बसला. मी त्याच्या उजव्या डोळ्यात बघितलं. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या, कारण मला खरं वाटेना. आरशासारखा लख्ख पडदा, चकतीची कड रेखून काढलेली. त्या अकरा जणांत सगळ्यात देखणे डोळे त्याचे होते.

"नॉर्मल," मी म्हटलं.

"आं?"

"नॉर्मल! ठणठणीत!"

त्याचा चेहरा असा खुलला की बस. मोठ्ठा श्वास सोडून हसायलाच लागला. "म्हणजे मला काहीच नाही? ताई, खरंच? गेल्या महिन्यात बर्फात उतरताना माझा अंदाज चुकला होता, थोडक्यात वाचलो. तेव्हापासून मला वाटत होतं, डोळे गेले आपले. झोप लागत नव्हती ओ!"

मी हातातलं यंत्र खाली ठेवलं. अकरा बघितले, अकराही निरोगी. मग त्या स्लाइडवरचे डोळे कुणाचे? फोटोत काही चूक होती म्हणावं तर रक्ताचे फराटे काय फिल्मवर उगवले होते? मी एकेकाला आकडा विचारायला लागले. आता भीती गेली होती, त्यामुळे पटापट सांगू लागले. मी चार. मी नऊ. मी एक. बक्षी अकरा. सगळे आकडे झाले आणि सात उरला. जगदाळेचं हसू हळूहळू मावळलं.

"तुझा सात होता?"

त्याने होकाराची मान हलवली.

"मग हे डोळे तुझे नाहीत. तुझ्या जागी यंत्रासमोर कोण बसलं होतं, सुजित?"

"ताई, मला भीती वाटत होती..."

"कोण बसलं होतं?"

"महतो," तो म्हणाला. "माझं जॅकेट घालून पाठवला त्याला. माझ्याच अंगापिंडाचा आहे. तंत्रज्ञ कुठे कुणाला ओळखत होता? म्हटलं, जा, सात म्हण आणि बस."

"महतो कोण?"

मला खरंच माहीत नव्हतं. बक्षींनीच उत्तर दिलं. कॉर्पोरल दशरथ महतो, हेलिकॉप्टरमध्ये इंधन भरणारा. झारखंडचा, दोन मुलींचा बाप. जगदाळेचा त्याच्यावर फार जीव, आणि महतोचा जगदाळेवर त्याहून जास्त. साहेबांनी सांगितलं म्हणजे संपलं.

"सकाळी मी इथे उभी राहून घसा फोडत होते," मी म्हटलं. "सात नंबर मरणार, सात नंबर मरणार. तेव्हा तुला कळलं होतं ना, मी कुणाबद्दल बोलतेय ते?"

"कळलं होतं."

"मग दातखीळ बसली होती का तुझी?"

"ताई, सगळ्यांसमोर कसं सांगणार होतो? दुसऱ्याला बसवला म्हटल्यावर मलाही तपासलं असतं. आणि तो काही..." तो थांबला.

"तो काही काय?"

"तो काही पायलट नाही ना. हवेत काही व्हायचा प्रश्न नव्हता. म्हटलं, दुपारी तुमच्याकडे येऊन हळूच सांगावं. घाई नाही असं वाटलं."

माझा हात उठला होता. खरं सांगते, वर्दीत नसते तर त्या दिवशी त्याच्या कानाखाली आवाज निघाला असता. पण त्याआधीच मला बक्षींचा चेहरा दिसला. पांढराफटक पडला होता.

"महतो वर आहे," ते म्हणाले. "वरच्या हेलिपॅडवर. माझ्याच सहीने गेला परवा. डोकं दुखतंय म्हणत होता, मी म्हटलं वरची हवा लागली की बरं वाटेल."

मी औषधांची पेटी उचलली. खिशातला घडी घातलेला कागद काढला, टेबलावर सरळ केला आणि जगदाळेच्या व त्याच्या जोडीदाराच्या नावापुढे सही केली.

"तू फिट आहेस," मी त्याला म्हटलं. "चल, उडव."

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते, कारण मला ते लवकर उरकायचं आहे. महतो वाचला. शिरेतली रक्ताची गाठ औषधांनी विरघळली, नजर मात्र परत आली नाही. एका डोळ्याला उजेड-अंधार कळायचा, तेवढाच. चौकशी झाली. चौकशीत सिद्ध झालं की अनधिकृत व्यक्तीने नमुना दिल्यामुळे सात क्रमांकाची माहिती ग्राह्य नाही. जगदाळेला समज मिळाली, मलाही मिळाली, बक्षींची बदली झाली. आमच्या साहेबांनी निबंध छापला. त्यात दहा पायलट आहेत, दहाही निरोगी, आणि निष्कर्ष असा की उंचीवरच्या कामाने डोळ्यांना लक्षणीय अपाय आढळला नाही. मी माझं नाव काढून घेतलं. पायलट त्या उंचीवर जातो, सामान टाकतो आणि जेवायला खाली येतो. महतोसारखे लोक तिथेच महिना महिना राहतात, तिथलीच हवा खातात, तिथेच झोपतात. आणि आम्ही शहाण्यांनी डोळे कुणाचे तपासायचे ठरवलं होतं? मी हे तेव्हाही विचारलं. उत्तर आलं, मंजुरी पायलटांपुरतीच आहे. म्हणजे अख्ख्या अभ्यासात एकाच माणसाला खरोखर काही झालं होतं, आणि तो माणूस अभ्यासात नाही. माझे केस पिकले, मी निवृत्त होऊन मिरजेला आले, पण हा राग काही जुना झाला नाही. व्हायला नकोच.

तर त्या दिवशीचं. आम्ही वर पोचलो तेव्हा महतोला हेलिपॅडच्या कडेला स्ट्रेचरवर आणून ठेवलं होतं. सगळीकडे असं लखलखीत ऊन की काळा चष्मा लावूनही डोळे दिपत होते. त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तो त्या बर्फाकडे डोळे सताड उघडे ठेवून बघत होता. मी त्याच्या तोंडासमोर हात हलवला. पापणी लवली नाही.

इंजिन चालू ठेवूनच त्याला आत घेतलं. मी शिरेत सुई घातली, मेंदूची सूज उतरवायचं औषध सुरू केलं, प्राणवायू लावला. छोटं हेलिकॉप्टर ते, पुढे जगदाळे आणि त्याचा जोडीदार, मागे मी आणि माझ्या मांडीला टेकून महतोचं डोकं. त्याला जागं ठेवायचं होतं, म्हणून मी त्याच्या कानांवर माइकवाला हेडफोन चढवला. त्यामुळे तो जे बोलेल ते आम्हा सगळ्यांना ऐकू येणार होतं.

"महतो, ऐकू येतंय का? मी डॉक्टर आहे." मी हिंदीत विचारलं.

"जी, मॅडम." आवाज खोल गेलेला. "आज दिवस लवकरच मावळला."

घड्याळात दुपार होती. पुढच्या आरशात जगदाळेचा चेहरा मला दिसत होता, डोळे चष्म्याच्या काळ्या काचेआड.

"डोकं कधीपासून दुखतंय?"

"बरेच दिवस झाले, मॅडम. गोळी घेत होतो." मग त्याने चाचपडत माझी बाही धरली. "मॅडम, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचार."

"त्या फोटोचा निकाल आला असेल ना आता? मी नीट बसलो होतो. हललो नाही, पापणीही मिटली नाही, साहेबांचं नुकसान नको म्हणून." तो थांबला, ओठांवरून जीभ फिरवली. "जगदाळेसाहेब पास झाले ना?"

इंजिन घरघरत होतं. जोडीदाराने मान वळवून जगदाळेकडे बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागला. जगदाळे बोलला नाही. महतोने माझी बाही सोडली नव्हती. उत्तर येईपर्यंत तो ती सोडणार नव्हता.

"सुजित," मी मराठीत म्हटलं, "तुला विचारतोय तो. उत्तर दे."

"ताई, तुम्हीच सांगा की."

"मी नाही सांगणार. तू सांग. त्याला कळेल अशा भाषेत सांग."

तेव्हा कुठे कानात त्याचा आवाज आला, फाटलेला, लहान पोराचा असावा तसा.

"हां, महतो. पास हो गया मैं."

"बस, साहेब," महतो म्हणाला, आणि माझी बाही सोडून त्याने डोळे मिटले.